काहीबी नावाची भाजी

आत्यांच्या घरात शिवी चालायची. रडणं चालायचं, उशिरा उठणं चालायचं, दोघींनी भांडून अबोला धरणंही चालायचं. एक शब्द मात्र चालत नसे. 'काहीबी.'

लातूरला क्लासेसच्या भागात, एका गल्लीच्या टोकाला आत्यांचं घर आहे. खाली त्या एकट्या राहतात आणि वरच्या खोल्यांत मुली. सगळ्या माझ्यासारख्याच, खेड्यांतून डॉक्टर व्हायला आलेल्या. मी चाकूर तालुक्यातली. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजचं फाटक कोणी ओलांडलं नव्हतं, त्यामुळे शहरात कसं राहायचं हे सांगणारंही कोणी नव्हतं. राहणं आणि दोन वेळचं जेवण आत्यांकडेच होतं. खरं तर त्या आमच्यापैकी कोणाच्याच आत्या नव्हत्या. फार पूर्वी त्यांच्या मामेभावाची मुलगी तिथं राहून शिकली. ती आत्या म्हणायची, म्हणून पुढे सगळ्याच म्हणू लागल्या.

रोज संध्याकाळी आत्या जिन्याच्या खालच्या पायरीवर सूप घेऊन बसायच्या आणि वर तोंड करून ओरडायच्या, "उद्या कोणाची पाळी हाय गं?" पाळी म्हणजे भाजी सांगायची पाळी. ज्या मुलीची पाळी असेल तिनं उद्याची भाजी सांगायची, आणि ती सांगेल ती सगळ्यांनी खायची.

मी नवीन होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी पाळी आली. मी जिन्यावरून वाकून म्हणाले, "काहीबी चालंल, आत्या."

माझ्या खोलीत कंधारची एक मुलगी होती. आम्ही तिला कंधारीच म्हणायचो. तिनं कपाळावर हात मारला. मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासवरून आलो, तर प्रत्येकीच्या ताटात भाकरी, मीठ, एक हिरवी मिरची आणि मधोमध एक रिकामी वाटी.

"आत्या, ही वाटी कशाची?" मी विचारलं.

"तुझी भाजी. काहीबी."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? सकाळी गोलाईच्या बाजारात गेले, सगळी मंडई पालथी घातली. एकाबी गाड्यावर काहीबी नावाची भाजी मिळंना. एकाला इचारलं तर तो म्हणला, मावशी, ती संपली, सगळं लातूर तीच घेऊन राहिलंय." आत्या हसल्या नाहीत. स्वतःची भाकरी मिठाला लावून खाऊ लागल्या. त्यांच्या ताटातही रिकामी वाटी होती.

वर गेल्यावर कंधारी मला म्हणाली, "माय, पुढल्या वेळी शेपू म्हण. कारलं म्हण. पण काहीतरी म्हण."

मला त्या दिवशी फार अपमान झाल्यासारखं वाटलं. कारण 'काहीबी चालंल' हे म्हणणं मला चांगलं वागणं वाटायचं. आई पाहुण्यांकडे जाताना बजावायची, काय खाणार म्हणून विचारलं तर 'काहीबी' म्हणायचं, लोचटासारखं सांगत बसायचं नाही. आमच्याकडे शहाण्या मुलीची ओळखच ती. मी हे धीर करून आत्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "शहाणपण कशाचं? इचार करायचं काम दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं आन् वरून आपण गरीब दिसायचं. लई सोपं हाय ते."

आत्या उंच आणि काटकुळ्या. साडीवर पुरुषाचा शर्ट घालायच्या. आमच्याकडे बायका रानात कामाला जाताना असा शर्ट घालतात, पण आत्या शहरात, घरात, लग्नालासुद्धा घालायच्या. सगळे शर्ट त्यांच्या नवऱ्याचे. ते शिंपी होते. मी राहायला गेले त्याच्या बऱ्याच आधी वारले होते. शर्टांची शिलाई इतकी पक्की की कॉलर विरली तरी शिवण उसवत नसे. वरच्या खिशात मोबाइल, बाजूच्या खिशात किल्ल्या आणि बडीशेप. आत्यांनी जवळ बोलावून खिशात हात घातला की आज बडीशेप मिळणार की रागवणार, हे बघावं लागायचं. बहुतेक वेळा दोन्ही मिळायचं.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता. तो गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होता. आत्या कोणताही निर्णय डोक्यानं घ्यायच्या नाहीत. त्या निर्णय जगून बघायच्या. काही ठरवायचं असलं की एक दिवस 'हो' म्हणून काढायचा आणि एक दिवस 'न्हाई' म्हणून. हो म्हटलंय असं धरून सकाळपासून वागायचं, दुसऱ्या दिवशी नाही म्हटलंय असं धरून. मग ठरवायचं.

एकदा त्यांच्या मनात स्कूटी घ्यायचं आलं. त्या दिवशी सकाळी आम्ही खाली आलो, तर आत्या डोक्यावर हेल्मेट घालून भाकरी थापत होत्या. हेल्मेट शेजारच्या मास्तरांचं. दिवसभर काढलं नाही. मंडईला चालत गेल्या, पण हेल्मेट घालून. भाजीवाले हसले. एकानं विचारलं, "मावशी, गाडी कुठं लावली?" तर म्हणाल्या, "अजून घेतली न्हाई." संध्याकाळी त्यांनी हेल्मेट मास्तरांना परत दिलं आणि सांगितलं, "गाडीवर असले तर रस्त्यात कोण बोलायचं न्हाई माझ्याशी. आज एकजण बी नीट बोललं न्हाई, सगळे डोक्याकडंच बघून राहिले." गाडी घेतली नाही. ती माणसं गाडीमुळे नाही, हेल्मेटमुळे हसत होती, हे मी सांगणार होते. पण त्यांचं झालं होतं ठरवून.

त्यामुळे त्या चुकायच्या नाहीत असं मी म्हणणार नाही. अंगणात शेवग्याचं झाड होतं. त्याच्या अळ्यांना कंटाळून ते तोडायचं त्यांच्या मनात आलं, तेव्हा एक दिवस झाड नाही असं धरून त्या राहिल्या, म्हणजे त्या बाजूला पदर आडवा धरून चालल्या. दिवस बरा गेला. झाड तोडलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात दुपारी ओट्यावर ऊन आलं की तिथं उभ्या राहून स्वतःलाच मोठ्यानं बोलायच्या, "तोड आजून. तोड. लई हौस होती ना."

मी एकदा विचारलं, "आत्या, मग दोन दिवस जगून बघण्याचा उपयोग काय? चुकतंच की."

"चुकतंय की. लई वेळा चुकतंय," त्या म्हणाल्या. "पण चुकलं तर माझं चुकतंय. मला कोणाच्या नावानं बोटं मोडत बसावं लागत न्हाई. त्यात दिवस लई वाया जातो बघ."

कंधारीला क्लासमधल्या एका मुलानं विचारलं होतं. मुलगा दिसायला चांगला, हुशार, आणि कंधारी त्याचं नाव निघालं की उगाच पुस्तक उघडायची. ती आत्यांकडे गेली. आत्यांनी मुलाची जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. म्हणाल्या, "त्याला काय सांगू नको. उद्या हो म्हणलंय असं धरून राहा."

दुसऱ्या दिवशी कंधारीनं ड्रेसला इस्त्री केली. दिवसभर मोबाइल उलटा ठेवायची आणि परत सुलटा करायची. संध्याकाळी आम्ही सगळ्या गल्लीच्या तोंडाशी चहाला निघालो, तर ती म्हणाली, "मी नाही येत. तिथं पोरं असतात. त्याला आवडायचं नाही."

आत्या पायरीवर होत्या. "त्यानं सांगितलं तुला?"

"नाही. पण नसंलच आवडत."

"त्यानं तोंड उघडायच्या आधीच तू कडी लावून बसलीस की गं," आत्या म्हणाल्या. एवढंच. कंधारी चप्पल घालून आमच्यासोबत आली आणि दोन चहा प्याली. त्या मुलाला तिनं नंतर काय सांगितलं ते तिनं आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पण चहाला ती नंतर रोज यायची.

हे सगळं मी हसत बघत होते. माझ्यावर वेळ आली तेव्हा हसू आलं नाही.

मेडिकलच्या परीक्षेला मी दुसऱ्यांदा बसले होते. पहिल्या वेळी थोडक्यात राहिलं, म्हणून वर्षभर पुन्हा तोच क्लास, तीच पुस्तकं. दुसऱ्यांदा निकाल लागला तो पहिल्यापेक्षाही खाली. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. म्हणाले, "खचू नको माय. आजून एकदा बसायचं. मी रविवारी येतो, क्लासमधी नाव घालून टाकू. सोमवारपासून रिपीटरची बॅच हाय म्हणं."

मी 'हाव' म्हणून होकार दिला.

इथं मला गावाबद्दल सांगायला हवं. दहावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा शाळेतले सर घरी येऊन म्हणाले होते, हिला लातूरला पाठवा, ही डॉक्टर होईल. त्या दिवसापासून गावानं मला डॉक्टर करून टाकलं. दिवाळीला घरी गेले की म्हाताऱ्या बायका गोळ्यांची पाकिटं घेऊन यायच्या. "ही कशाची हाय बघ गं, डॉक्टरीणबाई." एक आजी तर गुडघे उघडे करून माझ्यासमोर बसायची. मी म्हणायचे, आजी, मी अजून अकरावीला आहे. ती म्हणायची, "मग हलक्या हातानं बघ." अण्णा बाजूला उभे राहून हे ऐकायचे आणि काही न बोलता टोपी नीट करायचे. ते टोपी नीट करणं मला माहीत होतं. तेवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर दुसऱ्या कशानं पाहिला नव्हता.

फोन ठेवल्यावर मी पायरीवर आत्यांजवळ जाऊन बसले. त्या तूर निवडत होत्या. मी रविवारचं सांगितलं.

"तुला बसायचंय का आजून?"

"अण्णा म्हणतात ना."

"मी अण्णाला न्हाई इचारलं. ते इथं न्हाईत."

"ते करतील ते बरोबरच असंल, आत्या. मला काहीबी..."

मी थांबले, पण शब्द निघून गेला होता. मला वाटलं आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. सुपातली तूर पसरत बसल्या. मग म्हणाल्या, "मीबी म्हणले होते हे एकदा."

आत्या किल्लारीकडच्या, एवढं आम्हाला माहीत होतं. भूकंपाबद्दल त्या कधी बोलत नसत. त्या दिवशीही त्यांनी त्याबद्दल फार सांगितलं नाही. घर गेलं, आई गेली, पत्र्याच्या शेडमध्ये मामाकडे राहत होत्या, एवढंच. तेव्हा त्या माझ्यापेक्षा लहान होत्या.

"मामा चांगला होता. त्यानं मला इचारलं, काय करू गं पोरी तुझं? शिकतीस का, लग्न करतीस का, काय करतीस? त्या दिवसांत कोण कोणाला इचारत होतं? पण त्यानं इचारलं. मी म्हणले, काहीबी करा." आत्यांनी एक खडा उचलून लांब टाकला. "त्यानं केलं. लातूरचा शिंपी बघितला, माझ्याहून वयानं मोठा, पयली बायको वारलेली. माणूस वाईट न्हवता. पण मी त्याला पसंत केला न्हवता, आन् त्यानं बी मला दयेनंच आणलेली. दोघं एका घरात पाव्हण्यासारखे राहायचो. तो म्हणायचा, भाजी काय करतीस? मी म्हणायचे, काहीबी. मी इचारायचे, तुमाला काय पायजे? तो म्हणायचा, काहीबी. काही वर्षं गेली अशी."

"मग?"

"मग एक दिवशी सकाळी पिशवी भरली आन् स्टँडवर जाऊन बसले. जायचं कुठं हे ठरलं न्हवतं. घर सोडलेली बाई म्हणून बसले. निलंग्याची गाडी आली, गेली. नांदेडची आली, गेली. प्रत्येक गाडीला वाटायचं, उठावं. दुपारी तो आला सायकलवर. कोणीतरी सांगितलं असंल. मला बघितलं. रसवंतीवरून उसाच्या रसाचा गिलास आणला, माझ्या बाकड्याच्या कडंला ठेवला आन् गेला. एक शब्द बोलला न्हाई."

"'चल' पण नाही म्हणाले?"

"न्हाई ना. 'चल' म्हणला असता तर गेले असते. आन् मग जन्मभर म्हणत बसले असते, ह्यानं नेलं." आत्यांनी सूप झटकलं. "दिवस कलला. मी रस पिले होते. गिलास रसवंतीवाल्याला दिला, पिशवी उचलली आन् घरी आले. माझ्या पायानं. तो मशीनवर होता. म्हणला, जेवलीस का? मी म्हणले, न्हाई. पिठलं खायचंय. आन् तुमाला काय खायचंय ते सांगा, मला 'काहीबी' नको."

त्या उठल्या, शर्टाला लागलेली टरफलं झटकली.

"माझं लग्न त्या दिवशी संध्याकाळी लागलं. मांडवातलं मामानं लावलं होतं."

त्यांनी खिशातून बडीशेप काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या शुक्रवार. हो म्हणून राहा. परवा न्हाई म्हणून."

शुक्रवार फार सोपा गेला. मी लवकर उठले, बायोलॉजीचं पुस्तक काढलं, दिवसाचं टाइमटेबल भिंतीला चिकटवलं. अण्णांना फोन करून पावसाचं विचारलं. ते खुशीत होते. जेवण गेलं. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं.

शनिवारी सकाळी डोळे उघडल्याबरोबर मला रडू आलं. नाही म्हटलंय असं धरायचं, म्हणजे अण्णांना कळलंय असंही धरायचं. त्यांची टोपी डोळ्यांसमोर यायची. जेवले नाही. खोलीतल्या मुलींसमोर सारखं रडायची लाज वाटली म्हणून दुपारी बाहेर पडले आणि गल्ल्यांमधून नुसतीच चालत राहिले.

पलीकडच्या गल्लीत एका घरासमोर बोअरचं मशीन लागलं होतं. आवाजानं बोलणं ऐकू येत नव्हतं. सगळं घर, शेजारीपाजारी, नारळ घेतलेले एक आजोबा, सगळे पाणी लागतंय का म्हणून डोळे लावून उभे होते. मीही थांबले. खालून भुकटी उडत होती. आधी पिवळट मुरूम, मग काळी-करडी, मग अचानक विटेच्या चुऱ्यासारखी लाल, मग परत काळी. मशीनवरचा माणूस मधूनमधून प्रत्येक रंगाची मूठभर भुकटी बाजूला वेगळी टाकत होता. त्या लहान लहान ढिगांजवळ मी उकिडवी बसले. काळ्याच्या मधे लाल कुठून आली? परत काळी का आली? आमच्या शेतात बोअर घेतला होता तेव्हा मी लहान होते. तेव्हाही सगळे पाण्याकडे बघत होते आणि मी भुकटीकडे. आई ओढून नेत होती तरी हलत नव्हते. हे मी विसरूनच गेले होते. मशीन बंद झालं तेव्हा लक्षात आलं, ऊन उतरलंय, पायाला मुंग्या आल्यात, आणि बऱ्याच वेळापासून मी रडलेले नाही.

परत आले तेव्हा आत्या पायरीवरच होत्या.

"कसे गेले दिवस?"

"कालचा चांगला गेला. आज सकाळपासून रडले. म्हणजे हो, असंच ना?"

"रडलीस कशासाठी? डॉक्टर व्हायला मिळणार न्हाई म्हणून?"

मी विचार केला. खरंच विचार केला. "नाही. अण्णांच्या तोंडाकडे बघवणार नाही म्हणून."

"मग ते अण्णाचं हाय. रविवारी येतील तेव्हा त्यांचं त्यांना दे. आन् काल चांगला का गेला?"

"रोजच्यासारखा गेला."

"हं," आत्या म्हणाल्या. "रोजच्यासारखा. आन् त्या रुमालात काय बांधून आणलंस?"

मी गाठ सोडली. तिन्ही रंगांची भुकटी पुड्यांसारखी वेगळी ठेवायचा प्रयत्न केला होता, ती थोडी मिसळली होती. आमच्यातली एक मुलगी मागच्या वर्षी नांदेडला कॉलेजात गेली होती. तिथं जिऑलॉजी शिकवतात, जमिनीच्या पोटातलं, असं ती म्हणाली होती. ते मी अडखळत आत्यांना सांगितलं. आत्यांनी लाल भुकटीत बोट बुडवलं आणि बराच वेळ बोटाकडे बघत राहिल्या.

"आमच्या खाली काय हाललं, ते मला कळंल असं आजपर्यंत कोणी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "मग मी काय करू, आत्या?"

"मी सांगणार न्हाई. सांगितलं तर माझं होईल ते."

रविवारी दुपारी अण्णा आले. धुतलेलं धोतर, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. ओट्यावर अगदी कडेला बसले, जसं दुसऱ्याच्या घरी बसतात. आत्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "भाऊ, भाजी काय करू तुमाला?"

जिन्यावर कंधारी आणि इतर मुली बसल्या होत्या. कंधारीनं डोळे मिटून घेतले.

"काहीबी करा की, ताई," अण्णा म्हणाले. "आमचं काय."

मला वाटलं, नाही करणार. माझे वडील आहेत, लांबून आलेत. पण थोड्या वेळानं आत्यांनी ताट आणून ठेवलं. भाकरी, मीठ, मिरची आणि रिकामी वाटी.

अण्णांनी वाटीकडे बघितलं. मग भाकरी मोडली, मिठाला लावली आणि खाऊ लागले. काही विचारलं नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. जे ताटात येईल ते खायचं, असंच ते आयुष्यभर करत आले होते. आत्या दारात उभ्या होत्या. त्यांना गोंधळलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला.

मला ते बघवेना. "अण्णा, त्यांनी तुम्हाला विचारलंय. सांगा की."

"काय सांगू माय?"

"काय खावंसं वाटतंय ते."

त्यांचा घास हातातच थांबला. ते असे बसून राहिले जणू कोणी अवघड हिशोब घातलाय. मग फार हळू म्हणाले, "वांगं. तुझी आजी करायची तसलं. भरलेलं, देठासकट." आणि लाजले.

आत्यांनी बाह्या वर सारल्या आणि आत गेल्या. आतून दाणे कुटायचा आवाज येऊ लागला. वांगी शिजेपर्यंत आम्हाला थांबायचंच होतं. मी म्हणाले, "अण्णा, मला पुन्हा बसायचं नाही."

"परीक्षेला?"

"हाव."

"भ्यालीस का?"

"नाही. भ्याले असते तर बसले असते."

मी रुमाल आणला, उघडला, नांदेडचं सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही, मधे मधे अडखळले. त्यांनी लाल भुकटी चिमटीत घेतली. "ही आपल्या बोअरला बी लागली होती," म्हणाले. मग चिमूट परत रुमालात ठेवली. "गावात काय सांगू?"

मी रुमालाची गाठ परत बांधू लागले.

"मला पायजे होतं गं," अण्णा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? तू डॉक्टर झालेली बघायचं मला लई पायजे होतं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. शनिवारी मी जे आठवून रडले होते, त्यापेक्षा ते अवघड होतं. पण मी बघितलं.

आत्या वांगी घेऊन आल्या. वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊ, आता लगेच हो म्हणू नका. न्हाई बी म्हणू नका. घरी जावा. एक दिवस ही पुन्हा बसायली असं धरून राहा, आन् एक दिवस हिचं 'न्हाई' तुमी मान्य केलं असं धरून राहा."

"धरून राहा म्हणजे काय करू ताई?"

"काय न्हाई. तसं वागा. लोकांत बसा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ही बाई बरी आहे ना, असं त्यांना विचारायचं होतं. पण वांगं चांगलं झालं होतं. त्यांनी मागून घेतलं. मी त्यांना मागून घेताना पहिल्यांदाच पाहिलं. क्लासकडे ते गेले नाहीत. "बघू," म्हणाले आणि उन्हं उतरल्यावरच्या गाडीनं गेले.

सोमवार गेला. बॅच सुरू झाली, मी गेले नाही. मंगळवार गेला. बुधवारी दुपारी फोन आला.

"आज हॉटेलात बसलो होतो," अण्णा म्हणाले. आमच्या गावात हॉटेल म्हणजे चहाची टपरी. "सगळे होते. सांगून टाकलं. म्हणलं, पोरगी नांदेडला चालली, दगडं शिकायला."

"मग?"

"हसले. एकजण म्हणला, दगडं शिकायला नांदेड कशाला पायजे, माझ्या रानात पाठव, फुकट शिकवतो. मग मीबी हसलो."

"मग?"

"मग काय. चहा घेतला, घरी आलो. जरा पडलो तर झोप लागली. लई दिवसांनी लागली, माय. तुझा निकाल लागल्यापासून लागत न्हवती."

मी खाली गेले. आत्या पायरीवर होत्या. मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, शाबास म्हणाल्या नाहीत, डोक्यावर हात ठेवला नाही. खिशात हात घातला, बडीशेप काढली, अर्धी मला दिली आणि अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली.

मग वर तोंड करून ओरडल्या, "उद्या कोणाची पाळी हाय गं?"

"माझी," मी म्हणाले.

"बोल."

मला खरंच काय खावंसं वाटतंय याचा मी नीट विचार केला. घरी आई लसूण जास्त घालून करायची, ती चव आठवली.

"शेपू," मी म्हणाले.

वरून सगळ्या मुली एकदम किंचाळल्या. कंधारी जिन्यावरून वाकून म्हणाली, "माय, मी उगाच उदाहरण म्हणून सांगितलं होतं!"

"लसूण जास्त," मी आत्यांना म्हणाले.